इराणी कविता-संगीताची मैफल नागपुरात: पेटी चालेल का?

धरमपेठकर:
ऑगस्टमध्ये १५० खुर्च्यांच्या हॉलमध्ये दीड तासाचा कार्यक्रम ठरतोय. परदेशातले इराणी कलावंत करतात तसा: विसाव्या शतकातले इराणी कवी फरोग फर्रुखजाद आणि शामलू यांच्या कवितांचं वाचन, चौदाव्या शतकातल्या हाफिजच्या गझलांचं गायन, साथीला सेतार (इराणी तंतुवाद्य) आणि दफ (डफासारखं वाद्य), पडद्यावर मराठी अनुवाद. गाणाऱ्या ताईंना पेटीची सवय आहे. पेटी दिली तर काय बिघडेल? साउंडवाल्याला काय सांगू?

खालीभरी:
शूर दस्तगाह (दस्तगाह म्हणजे इराणी संगीतातली स्वरव्यवस्था, साधारण आपल्या थाट-रागासारखी) गाणार असतील तर पेटी नकोच. त्याचा दुसरा स्वर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या अधेमधे बसतो, पेटीत ती पट्टीच नाही. ताई अचूक गातील आणि तरी बेसूर वाटतील. पेटी हवीच असेल तर माहूर दस्तगाह घ्या (रेणुकेचं नव्हे), तो बिलावलच्या जवळचा. पण त्यात दिलकश (माहूरमधलाच एक सुरावटीचा भाग) सुरू झालं की धैवत खाली सरकतो, तिथे पेटी बंद ठेवायची. सेतारचे पडदे बांधलेले असल्यामुळे सरकवता येतात, तिची चिंता नाही.

शामलूच्या मुक्तछंदाखाली ठेका अजिबात नको. वाचणारा नकळत दफच्या लयीत ओढला जातो आणि कवितेचं बडबडगीत होतं. ओळ संपली की सेतारचे दोन-तीन स्वर, बस्स. हाफिज वृत्तात आहे, तिथे दफ खुशाल वाजू द्या.

माइकभाऊ:
सेतारला सतार समजू नका. चार तारा, तर्जनीच्या नखाने वाजते, आवाज अगदी नाजूक. माइक लांब ठेवला की गेन (माइकची आवाज-पातळी) वाढवावा लागतो आणि मग शिट्टी वाजते. छोटा कंडेन्सर माइक (नाजूक आवाज टिपणारा) तबलीपासून (सेतारच्या पुढच्या फळीपासून) वीतभर अंतरावर, थोडा तिरका, मॉनिटर (कलावंतांसमोरचा स्पीकर) कमी. दफला साधा डायनॅमिक माइक पुरतो, दीड-दोन फुटांवरून.

आपल्याकडच्या ऑगस्टात चामड्याचा दफ सैल पडतो, आवाज भद्द येतो. हेअर ड्रायर फूटभर लांबून फिरवत राहा, एकाच जागी धरला तर चामडं तडकतं. मध्यंतरात पुन्हा एकदा. सोपं म्हणजे कृत्रिम पुड्याचा दफ आणा.

पडदा_ऑपरेटर:
इराणी गायनातल्या ‘आवाज’ या मुक्त प्रकारात ताल नसतो, एकेक शेर मिनिटभर ताणला जातो आणि मध्येच ‘अमान’, ‘जानम’ असे मूळ कवितेत नसलेले शब्द येतात. त्यामुळे स्लाइड वेळ लावून फिरवू नका, हाताने बदला. लॅपटॉपवर बसणाऱ्याला प्रत्येक ओळीचे पहिले तीन शब्द देवनागरीत लिहून द्या. मूळ फारसी दाखवायची असेल तर तिचं चित्र करून टाका. दुसऱ्या लॅपटॉपवर फॉन्ट नसेल तर अक्षरं सुटी पडतात.

धरमपेठकर:
शूरला पेटीऐवजी तंबोरा?

खालीभरी:
चालेल, पण पंचमावर लावू नका. शूरमध्ये पाचवा स्वर काही वेळा खाली उतरतो, तेव्हा खटकेल. मध्यम-षड्ज लावा, आवाज बारीक ठेवा आणि वाचन सुरू असताना पूर्ण बंद करा.