शब्दचर्चा : ‘नास्तिक’ की ‘विवेकवादी’?

आमच्या तालुक्यात आम्ही बारा-तेरा जण, बहुतेक देव न मानणारे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेटतो. मंडळाची नोंदणी करायची तर नाव हवं. ‘नास्तिक मंडळ’ की ‘विवेक मंडळ’, यातच मागची अख्खी बैठक गेली. वाद नावाचा दिसतो, पण गाडी अडते ती अर्थापाशी, म्हणून इथे विचारते.

‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा, हा आजचा अर्थ. जुना वेगळा. पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ या सूत्रावर काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या जुन्या टीकेत, खुलासा आहे तो परलोक मानण्या-न मानण्याचा. मनुस्मृती तर सरळ ‘नास्तिको वेदनिन्दकः’ म्हणते. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे मीमांसकही (वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ) आस्तिकांत मोडतात, कारण ते वेद मानतात! नेमकं बोलायचं तर आपण ‘निरीश्वरवादी’. पण हा शब्द आईला फोनवर कसा सांगायचा?

‘निधर्मी’ही बसत नाही. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की आपला धर्म जाहीर करायची सक्ती सरकार कोणावर करू शकत नाही, ‘धर्म नाही’ म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. त्या याचिकेमागची माणसं मात्र येशू ख्रिस्ताला मानणारी होती. धर्माचा शिक्का नको होता, श्रद्धा होतीच.

माझा कल ‘विवेक’कडे आहे. तुमचं मत सांगा.

प्रतिसाद : पाटीवर ‘नास्तिक’च लिहा. मऊ शब्द घेतला की ‘नास्तिक’ ही शिवी शिवीच राहते. आमच्याकडे मुलगा नास्तिक आहे म्हटलं की आलेलं स्थळ परत जातं, आजही. नास्तिक चळवळीतले कार्यकर्ते गोरा यांनी १९४० साली आंध्रातल्या मुदुनूर गावात नास्तिक केंद्र काढलं, पुढे ते विजयवाड्याला आलं. अस्पृश्यतेविरुद्धचं काम, सहभोजनं, आंतरजातीय लग्नं, सगळं त्याच नावाखाली झालं. नाव आडवं आलं नाही. आणि ‘विवेक’ आपला कुठला? वेदान्तात नित्यानित्यविवेक, म्हणजे टिकणारं काय नि नाशवंत काय हे ओळखणं, आहेच. उद्या एखादे महाराज ‘विवेक शिबिर’ भरवतील, तेव्हा काय कराल?

प्रतिसाद : हाच वाद इंग्लंडमध्ये झालेला आहे. ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द जॉर्ज होलिओक यांनी १८५१ मध्ये चालवला तो याच अडचणीतून. देव आहे की नाही यावर न अडता या जगातल्या सुखदुःखाचं बघू, हे त्यांचं म्हणणं. चार्ल्स ब्रॅडलॉ म्हणत, हा रस्ता जातो नास्तिकतेलाच. १८७० मध्ये दोघांचा यावर जाहीर वादविवाद झाला. मराठीत त्या एका शब्दाचे दोन झाले : संविधानाच्या उद्देशिकेतला ‘धर्मनिरपेक्ष’ हा राज्याचा गुण, आणि जगण्याच्या दृष्टीसाठी ‘इहवाद’. धर्मनिरपेक्ष तर देव मानणाराही असू शकतो, असावाच. मंडळाच्या नावात तो शब्द नको.

मूळ लेखिका : दोघांचेही आभार. ‘विवेक’ वेदान्तात आहे, खरं. ज्ञानेश्वरीतही ‘मी अविवेकाची काजळी । फेडूनि विवेकदीप उजळी’ आहे. मला ती अडचण वाटत नाही, उलट शब्द घरचा आहे याचा आधार वाटतो. महात्मा फुले निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानत होते. आपण दारावर ‘नास्तिक’ लिहिलं तर सत्यशोधक समाज काढणारा माणूसच बाहेर राहतो.

मागच्या चैत्रात आम्ही एका बाईंची जट काढली. देवी कोपेल या भीतीने न कापलेली अठरा वर्षांची जट, पाठीवर दोरखंडासारखी. धुतली की दोन दिवस ओली राहायची, ओझ्याने मान एका बाजूला कललेली. कात्री चालेना, थोडं थोडं कापत तासाच्या वर गेला. तेवढा वेळ त्यांचा हात धरून बसल्या होत्या त्यांच्या जाऊबाई. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी न चुकवणाऱ्या. चार महिने समजूत घातली ती त्यांनीच. सासूबाईंना म्हणाल्या होत्या, यल्लम्मा कोपलीच तर माझ्यावर कोपू दे. जट निघाल्यावर बाईंनी दोन्ही हातांनी मान चाचपली, देवापुढे दिवा लावला, मग आम्हाला चहा केला.

त्या जाऊबाई आता बैठकीला येऊ लागल्यात. ‘नास्तिक मंडळ’ या पाटीखालून त्या आत येणार नाहीत, आणि त्या नसतील तर पुढची जट निघणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानत नसत, तरी १९८९ साली त्यांनी उभी केलेली समिती अंधश्रद्धेच्या नावावर होणाऱ्या शोषणाविरुद्ध होती, देवाविरुद्ध नव्हे. त्यामुळेच श्रद्धाळू माणसंही त्यांच्यासोबत उभी राहू शकली.

मला कोणी विचारलं तर मी ‘नास्तिक’ हाच शब्द सांगते, आडपडदा न ठेवता. पहिल्या प्रतिसादातलं तेवढं मला पूर्ण पटलं. नियमावलीत मात्र ‘विवेकवादी’ सुचवणार आहे, आणि सभासद-अर्जात देव मानता का असा रकाना नको असं म्हणणार आहे. एकच अडचण उरते. जाऊबाईंना ‘विवेकवादी’तला ‘वादी’ जड जातो. त्या ‘विचार करून वागणारी माणसं’ असं म्हणतात. यासाठी एखादा सुटसुटीत, बोलण्यातला शब्द कोणाला सुचतो का?