फ्लॅटमधल्या रेकॉर्डिंगसाठी गिटारचा अ‍ॅम्प कोणता घ्यावा आणि माईक नेमका कुठे लावावा?

सहावी_तार, पुणे

नमस्कार मंडळी. एका मित्रासोबत स्वतः रचलेली मराठी गाणी घरीच ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी हाती घेतले आहे. माझ्याकडे हंबकर पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असलेली सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ अंगाची गिटार, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि गिटार संगणकाला जोडणारे यंत्र) आणि शुअर एसएम ५७ माईक एवढी सामग्री आहे, अ‍ॅम्प मात्र अजून घेतलेला नाही. मला हवा असलेला आवाज बहुतांशी स्वच्छ आहे, परंतु तार जोराने छेडली की तो किंचित फाटावा आणि हलक्या हाताने वाजवले की पुन्हा निवळावा, अशी अपेक्षा आहे.

तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. पहिला फेंडर ब्लूज ज्युनियर, म्हणजे १५ वॉटचा, काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ट्यूब अ‍ॅम्प. दुसरा बॉस कटाना ५०, ज्यात ट्यूब नाहीत. तिसरा फेंडर डिलक्स रिव्हर्ब, जो अमेरिकेहून येणारे आमचे आतेभाऊ सोबत आणू शकतील. आमचे घर दोन खोल्यांचे आहे, खाली आणि शेजारी कुटुंबे राहतात आणि त्यांना त्रास देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. वॉट कमी असले की प्रश्न सुटतो, असे दुकानात सांगितले गेले. ते कितपत खरे आहे? आणि माईक कसा लावावा, याबद्दलही सविस्तर मार्गदर्शन मिळाले तर आभारी राहीन.

ध्वनीखोली, ठाणे

दुकानात सांगितलेले अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून आधी त्याचा हिशोब मांडतो.

गिटारच्या स्पीकरची संवेदनशीलता बरीच जास्त असते. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर साधारण १०० डेसिबल आवाज देतो. वॉट दुप्पट केले की त्यात फक्त ३ डेसिबलची भर पडते, आणि आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी वॉट जवळजवळ दहापट करावे लागतात. म्हणजे अशा स्पीकरवर १५ वॉटचा अ‍ॅम्प सुमारे ११२ डेसिबलपर्यंत जाईल, तर ५ वॉटचा १०७ पर्यंत. अर्धा वॉटसुद्धा ९७ डेसिबल देतो! निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे, अ‍ॅम्पसमोरची नव्हे, आणि मधल्या भिंती बराच आवाज अडवतात हेही खरे. तरीही १५ ऐवजी ५ वॉटचा अ‍ॅम्प घेतल्याने शेजाऱ्यांच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

मग पाहायचे काय? हवा तो आवाज अ‍ॅम्पचा कोणता भाग निर्माण करतो, ते पाहायचे. डिलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा आहे आणि त्याला मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी-जास्त करणारे बटण) नाही. तुम्हाला हवे असलेले फाटणे त्यात व्हॉल्यूम बराच वर नेल्यावरच येते, आणि तोवर संपूर्ण मजला जागा झालेला असतो. ब्लूज ज्युनियरला मास्टर आहे, त्यामुळे पहिल्या टप्प्यातले फाटणे कमी आवाजातही मिळते. ते थोडे पातळ लागते, कारण स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्यातल्या पॉवर ट्यूब आणि स्पीकर तेव्हा फारसे कामालाच लागलेले नसतात. कटानामध्ये ५०, २५ आणि ०.५ वॉट असे टप्पे आहेत, शिवाय यूएसबीतून थेट रेकॉर्डिंगही करता येते. फ्लॅटसाठी मी निःसंकोच कटाना सुचवेन आणि वाचलेले पैसे चांगला माईक-स्टँड आणि जाड गालिचा यांवर खर्च करायला सांगेन.

‘खरा’ आवाज फक्त ट्यूबमध्येच असतो, असे मानणाऱ्यांनी एक इतिहास जरूर आठवावा. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ साली पहिला अ‍ॅम्प तयार झाला, तेव्हा त्याचे सर्किट फेंडरच्या बासमन या अ‍ॅम्पवरून जवळजवळ जसेच्या तसे घेतलेले होते. मात्र बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत दहा इंची चार जेन्सन स्पीकर होते आणि मार्शलने बंद पेटीत बारा इंची चार सेलेस्टियन बसवले. सर्किटमध्ये किरकोळच फरक असूनही दोन्हींचे आवाज इतके वेगळे झाले, त्यात स्पीकर आणि पेटी यांचा वाटा फार मोठा आहे. म्हणून अ‍ॅम्प निवडताना स्पीकर कानांनी निवडा, आणि रेकॉर्डिंग करताना त्या स्पीकरचा कोणता भाग माईकला ऐकवायचा हे ठरवा.

आता माईकविषयी. अ‍ॅम्प लाकडी स्टुलावर ठेवा, म्हणजे जमिनीतून खाली जाणारी थरथर कमी होते आणि जमिनीवरून परतणारा घुमाराही. बॅटरीचा उजेड जाळीवर तिरपा टाकला की आतला कागदी कोन आणि त्याच्या मधोमध असलेली टोपी दिसते. एसएम ५७ ला पाच-सहा हजार हर्ट्झच्या आसपास स्वतःचाच उठाव आहे, त्यामुळे टोपीच्या अगदी मध्यावर रोखला तर आवाज कानात टोचतो, आणि कोनाच्या कडेकडे नेला तर जाड, मंद होतो. टोपी जिथे कोनाला चिकटलेली असते ती कड ही सुरुवात करायला उत्तम जागा. माईक जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, सरळ रोखून ठेवा. तिथून चार मात्रांचा एकच तुकडा रेकॉर्ड करा, माईक बोटभर सरकवा आणि तोच तुकडा पुन्हा वाजवा. प्रत्येक जागेची खूण जाळीवर कागदी टेपने करून ठेवा. बोटभर अंतराने पडणारा फरक अ‍ॅम्पच्या बासच्या बटणाने पडणाऱ्या फरकापेक्षा अनेकदा मोठा असतो.

माईक दूर नेला तर जवळिकीमुळे वाढलेला खर्ज कमी होतो, पण लहान खोलीच्या समांतर भिंतींचा पोकळ आवाज आत शिरतो, म्हणून तुमच्या खोलीत तो जवळच ठेवणे हिताचे. समोरच्या भिंतीवर गोधडी टांगावी किंवा कपड्यांनी भरलेल्या कपाटाचे दार उघडे ठेवावे. ट्यूब अ‍ॅम्पवर मात्र काहीही पांघरू नये, त्याला उष्णता बाहेर टाकायची असते. इंटरफेसमध्ये २४ बिट निवडून सर्वांत जोराचा आघात सॉफ्टवेअरच्या मीटरवर (तिथे शून्य ही कमाल पातळी असते) उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या दरम्यान ठेवा. त्याहून वर नेऊन काही लाभ नाही.

सोल्डर_आणि_कथील, नाशिक

वरील उत्तराशी सहमत आहे. अमेरिकेच्या पर्यायाबद्दल वीजदुरुस्तीच्या अंगाने थोडे लिहितो.

तिकडच्या बाजारासाठी बनलेला अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतो आणि आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, वारंवारता बदलत नाही, आणि केवळ ६० हर्ट्झसाठी आखलेला अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो. शिवाय तो बाहेरचा जड ठोकळा अ‍ॅम्पजवळ ठेवला तर त्याची गुणगुण गिटारच्या पिकअपमध्ये येते. डिलक्स रिव्हर्बच घ्यायचा असेल, तर २३० व्होल्टचे मॉडेल घ्यावे.

ट्यूब अ‍ॅम्प घेतलात तर दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. स्पीकर किंवा योग्य लोड (स्पीकरऐवजी जोडायचे साधन) जोडल्याशिवाय तो कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि घुंघुं आवाज थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो मानू नका. आत चारशे व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि तुमची बोटे धातूच्या तारांवर असतात. अ‍ॅम्प, इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच पॉइंटवरून चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, दिव्याचा डिमर बंद करा. बहुतेक घरांत एवढ्याने भागते.

मांडवीकाठ, पणजी

मी थोडा वेगळा विचार मांडते. ठाण्याच्या सदस्यांचे गणित अचूक आहे, परंतु वाजवणाऱ्याच्या हाताला काय जाणवते तेही तितकेच महत्त्वाचे आहे. सेमी-हॉलो गिटारचे पोकळ अंग स्पीकरच्या आवाजाने स्वतः थरथरते. अ‍ॅम्पसमोर उभे राहून स्वर धरला की तो लांबतो, किंचित वळले की त्याचा पोत पालटतो. हेडफोन लावून यूएसबीतून वाजवताना हे सारे नाहीसे होते. म्हणून कटाना घेतलात तरी शक्य तेव्हा स्पीकरसमोर बसून, माईक लावूनच वाजवा.

माझी स्वतःची पसंती ब्लूज ज्युनियर आणि त्याच्यासोबत स्पीकरकडे जाणारी ताकद घटवणारा अ‍ॅटेन्युएटर अशी आहे. व्हॉल्यूम वर ठेवून गिटारचे बटण कमी-जास्त करत वाजवताना ट्यूब हाताला जसा प्रतिसाद देतात, तो मला अजून दुसरीकडे मिळालेला नाही. यात खर्च वाढतो हे मान्य. आणखी एक सुचवते: तुमच्या इंटरफेसला दुसरा इनपुट आहे, तर डीआय बॉक्सने (गिटारचा सिग्नल इंटरफेसला जुळवून देणाऱ्या पेटीने) गिटारचा कोरा सिग्नलही सोबत रेकॉर्ड करत जा. वाजवणे उत्तम झाले आणि आवाजच पसंत पडला नाही, तर तोच सिग्नल रीअ‍ॅम्प बॉक्समधून पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवून माईक नव्या जागी लावता येतो.

सहावी_तार, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डिलक्स रिव्हर्बचा विचार सोडला आहे आणि या शनिवारी उरलेले दोन्ही अ‍ॅम्प माझीच गिटार नेऊन वाजवून पाहणार आहे. एक शंका राहिली: मित्राकडे कंडेन्सर माईक आहे. तो थोडा मागे लावून दोन्हींचा आवाज मिसळला तर चालेल का? एकदा करून पाहिले, तर आवाज जाड होण्याऐवजी पातळच झाला.

ध्वनीखोली, ठाणे

ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दुसरा माईक पहिल्यापेक्षा १७ सेंटिमीटर मागे असेल, तर त्याला आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि १००० हर्ट्झच्या लहरीसाठी हे नेमके अर्धे आवर्तन असते. दोन्ही मिसळल्यावर तिथे एक लहर वर तर दुसरी खाली असल्यामुळे त्या एकमेकींना खोडतात. गिटारचा जीव याच भागात असल्याने तुम्हाला आवाज पातळ लागला.

यावर सोपा मार्ग असा की, दोन्ही माईकची तोंडे एकाच रेषेत, जाळीपासून समान अंतरावर आणा. त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून वाजवत असताना मित्राला कंडेन्सर अगदी थोडा थोडा पुढे-मागे सरकवायला सांगा. आवाज जिथे सर्वांत पोकळ होईल तिथे स्टँड घट्ट करा आणि पोलॅरिटी पुन्हा सुलट करा. त्याच जागी दोन्ही माईक सर्वाधिक जुळलेले असतात. कंडेन्सरला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा काही इंटरफेसवर दोन्ही इनपुटांना एकदमच सुरू होतो. एसएम ५७ ला त्याने काही होत नाही, पण पुढेमागे जुना रिबन माईक जोडायची वेळ आली तर आधी तो पुरवठा बंद करा.