दोन खोल्यांच्या घरात अडीच वर्षांच्या मुलाची जागा कशी राखावी?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

आमचा मुलगा अडीच वर्षांचा असून धाकटी मुलगी आठ महिन्यांची आहे. ती पाळण्यात होती तोवर त्याने तिचे लाडच केले. परंतु रांगू लागल्यापासून ती त्याचे ठोकळे पाडते, गाड्या तोंडात घालते आणि मग तो तिला ढकलतो. शी-शू सांगण्याची लागलेली सवयही मोडली आहे. त्याला महिनाभर सिन्नरला आत्याकडे ठेवावे, असे सासूबाई सुचवतात. माझे मन मात्र तयार होत नाही. एवढ्याशा घरात दोघांची सोय कशी लावावी?

उत्तर (पंचवटी)

मी बालवाडीत शिकवते. कृपया त्याला आत्ता पाठवू नका. बाळ घरात आणि आपण बाहेर, याचा अर्थ हे मूल एकच लावील. या वयाची मुले शेजारी बसूनही बहुधा आपापलेच खेळतात आणि वस्तू वाटून घेण्याची समज त्यांना पुढे हळूहळू येते. म्हणून ‘तू मोठा आहेस ना, दे तिला’ हे वाक्य आजींसह सर्वांनीच थांबवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बहीण झाली म्हणून तो मोठा झालेला नाही. शी-शूवरून रागावू नका, नवे भावंड आल्यावर अनेक मुले अशी मागे जातात आणि सावरतात. मात्र शू करताना दुखत असेल किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर (सिडको)

आमचेही घर लहानच आहे. आम्ही खोलीच्या एका कोपऱ्याला जाळीचे कुंपण घातले, पण त्यात बाळाला न ठेवता मोठीलाच तिच्या ठोकळ्यांसह बसवले, आणि ती जागा तिची ठरल्यावर भांडणे पुष्कळ कमी झाली. मणी, गोट्या, बटणासारखे सेल असलेली खेळणी मात्र तिथेही ठेवू नका, कारण ती घरंगळत बाहेर येतात आणि बाळाच्या घशात अडकू शकतात. तो ढकलू लागला की हात धरून ‘ढकलायचे नाही, मला हाक मार’ एवढेच सांगावे, आणि हाक मारल्यावर खरोखरच लगेच जावे. दोघांना एकटे सोडू नये.

उत्तर (गंगापूर रोड)

कुंपणाची कल्पना चांगली आहे, तरी माझ्या मते ती अपुरी आहे. त्याला कोपऱ्याइतकीच आई हवी आहे, आणि ती सतत बाळाजवळ असते. मी माझ्या मुलाला सायंकाळी गोदापार्कवर नेत असे. तो आनंदाने येई, पण घरी परतताच आईच्या मांडीसाठी पुन्हा भांडण सुरू होई. सिन्नर जवळच, साधारण 30 किलोमीटरवर आहे. त्याला तिकडे धाडण्याऐवजी आत्यांनाच शनिवार-रविवारी बोलवावे. त्यांनी बाळाला सांभाळावे आणि तेवढा वेळ तुम्ही केवळ त्याच्याजवळ बसावे.