डिप्लोमाधारकांच्या निवडीसाठी 60 टक्क्यांची अट घालावी का?

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे)
आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा लहान कारखाना आहे. तपासणी विभागात दोन प्रशिक्षणार्थी घ्यायचे असून मेकॅनिकल डिप्लोमाधारकांचे 180 अर्ज आले आहेत. दहावी आणि डिप्लोमा या दोन्हींत 60 टक्क्यांची अट घातली, तर निम्मे अर्ज एका दुपारी बाजूला पडतील, असे माझ्या भागीदारांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण आमचा सर्वांत भरवशाचा तपासनीस या अटीत बसलाच नसता. पण इतक्यांच्या मुलाखती घेणेही शक्य नाही. आपण काय करता?

उत्तर (रबाळे)
अट घालावी. ती नसली की ओळखीपाळखीचे फोन सुरू होतात, आणि ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही, तोच मुलगा मागे राहतो. टक्क्यांची चाळणी ओबडधोबड असली, तरी ती सर्वांना सारखी लागते.

उत्तर (ठाणे, तंत्रनिकेतनात अध्यापन)
वशिल्याची भीती खरी आहे, पण निदान दहावीचे गुण तरी वगळावेत. 2019 साली राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 77.10 टक्के लागला होता. 2021 साली करोनामुळे परीक्षाच रद्द झाली. नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 गुण धरून लावलेला निकाल 99.95 टक्के होता. या दोन तुकड्यांतील मुले तुमच्याकडे एकाच वेळी अर्ज करत असतील, तर त्यांना एकच रेषा लावणे अन्यायाचे आहे. डिप्लोमाचे गुण पाहायचेच असतील, तर एकूण टक्केवारीपेक्षा मोजमापनाशी संबंधित विषयाचे पाहावेत.

उत्तर (महापे)
आम्ही अर्जावरील नाव आणि टक्के झाकून प्रत्येकाला क्रमांक देतो आणि 20-20 जणांना बोलावून हातात मायक्रोमीटर (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जाडी मोजणारे साधन) व लेथवर काढलेली एक पिन देतो. वेळ दहा मिनिटे. गेल्या खेपेला एका मुलाने आधी मायक्रोमीटरची दोन्ही तोंडे फडक्याने पुसली, ती मिटवून झिरो एरर, म्हणजे शून्याऐवजी दिसणारे माप, पाहिली आणि वाचनातून 0.02 मिलिमीटर वजा केले. नंतर पाहिले, तर त्याला 54 टक्के होते. त्याच दिवशी 80 टक्क्यांच्या वरच्या दोघांकडून मायक्रोमीटरवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ वाचायची राहिली, म्हणजे पिनेचे माप सरळ 0.50 ने चुकले. अशी चूक आमच्याकडे झाली, तर अख्खा लॉट परत येतो. रबाळ्याच्या मित्रांनी मांडलेल्या काळजीवरही हाच उपाय आहे, कारण क्रमांकासाठी कोणी शब्द टाकू शकत नाही.

प्रश्नकर्ता
भागीदारांना हे वाचून दाखवले. दहावीची अट त्यांनी सोडली आहे आणि डिप्लोमाच्या अटीविषयी चाचणी पाहून ठरवू, असे ते म्हणतात. आमचे दोन मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासून घ्यायला, गेले आहेत. ते परत आले की पहिल्या 20 जणांना बोलावतो.