चेहऱ्यावरच्या उपचारांनी तुमच्या मनात काय बदललं?

फेशियल, पील (रसायन लावून त्वचेचा वरचा थर काढणं), लेझर, बोटॉक्स, काहीही केलं असेल तर लिहा. त्वचेचं नंतर, आधी मनाचं सांगा. क्लिनिकांची आणि डॉक्टरांची नावं नकोत.

म्हापसा, शिक्षिका
दुसऱ्या बाळंतपणात गालांवर वांगाचे डाग आले. चतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली, फोटो काढताना मी स्वयंपाकघरातच राहायचे. भेटणारी प्रत्येक जण विचारायची, "काय गो, तोंडाला काय झालं?" मलम, सनस्क्रीन, मग पील. डाग फिकट झाले, आपल्याकडच्या उन्हात पुन्हा गडद होतात. तरी आता फोटोत उभी राहते.

फोंडा, हौशी नाट्यकलाकार
भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्स घेतलं. घरचे म्हणाले, "हल्ली रागावलेली दिसत नाहीस." लोक हसून बोलायचे, मलाही हलकं वाटायचं. मग जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. शोकाच्या प्रवेशात शब्द पाठ, आवाजही लागलेला, पण भुवया हलेनात आणि दुःख आत उतरेना. बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल, मला फार जाणवलं. काही महिन्यांनी असर ओसरला. नाटकाच्या दिवसांत पुन्हा घेणार नाही.

ही चर्चा सुरू करणारी
फोंड्याच्या ताई, याला आधार आहे. भाव मोकळेपणाने दाखवला की तो तीव्र होतो, दाबला की सौम्य होतो, असं डार्विनने १८७२ मध्येच लिहिलं होतं. बोटॉक्स नसेकडून स्नायूला जाणारा संदेश अडवतं, म्हणून आठी पडत नाही. २०१२ मध्ये नैराश्याच्या ३० रुग्णांवर झालेल्या चाचणीत भुवयांमध्ये बोटॉक्स दिलेल्यांची लक्षणं खोटं, औषध नसलेलं इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा बरीच जास्त घटली. पण प्रयोग लहान होता, आणि आपल्याला खरं इंजेक्शन मिळालं की खोटं, हे रुग्णाला आरशातच कळतं. म्हणून नैराश्यावरची औषधं सोडून कोणी क्लिनिक गाठू नका, कळकळीने सांगते.

मडगाव, ब्युटीशियन
मसाज सुरू झाला की बायका मनातलं बोलतात, काही रडतात. एक आजी यजमान गेल्यापासून नेमाने येतात. म्हणतात, "गोरं नको करूस गो, नुसता हात फिरव."

डिचोली, विद्यार्थी
मुरुमांच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (त्वचेला बारीक सुया टोचण्याचा उपचार) केलं. खड्डे भरत आले, आरशासमोरचे तास मात्र तेवढेच. मग नाक खुपायला लागलं. त्वचेच्या डॉक्टरांनीच पुढचं सिटिंग थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर निघाला, म्हणजे इतरांना फारसं न दिसणारं व्यंग आपल्यात आहे असा सतत ध्यास लागणारा मानसिक आजार. यात चेहरा बदलून समाधान सहसा मिळत नाही, असं त्यांनी समजावलं. समुपदेशन आणि गोळ्या चालू आहेत. कोणाला असंच होत असेल तर इथे विचारा, मी उत्तर देईन.