मदत हवी आहे: वडील आणि चुलत्यांच्या शेतीच्या वादात संस्थेमार्फत समेट (नाशिक)

मी इंदिरानगरला राहतो, गाव दिंडोरी तालुक्यात. आप्पा (वडील) आणि तात्या (थोरले चुलते) दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत.

आजोबांच्या वाटणीत विहिरीजवळचा गट तात्यांच्या नावावर गेला, रस्त्याकडचा आप्पांच्या. टोमॅटोच्या गाड्या भरायला तात्यांना रस्त्याकडचा बरा पडायचा, म्हणून १९९८ मध्ये दोघांनी तोंडी अदलाबदल केली. सातबारे तसेच राहिले. आज विहिरीजवळ आप्पांची नऊ वर्षांची द्राक्षबाग आहे, आणि चुलतभाऊ म्हणतो, उताऱ्यावर नाव आमचं, बाग काढून घ्या. गेल्या आठवड्यात मोटारीच्या पेटीला कुलूप लागलं. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. पाणी नाही मिळालं तर वर्ष गेलं.

गावात तंटामुक्त समिती आहे, पण अध्यक्ष तात्यांचे व्याही. माणूस वाईट नाही, तरी आप्पा त्यांच्यासमोर बसायला तयार नाहीत. ऑफिसातल्या एकाने नाशिकमधल्या एका सेवाभावी संस्थेचं नाव सुचवलं. तिथले मध्यस्थ निकाल देत नाहीत, दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळं भेटतात आणि मग एकत्र बसवतात.

मला विचारायचंय ते हे. तात्यांना बोलावणं संस्थेकडून जावं की मी आधी जाऊन सांगावं? नोटीस आल्यासारखं वाटलं तर ते कायमचे तुटतील. मी लहान असताना तात्यांच्याच खांद्यावर बसून वणीची जत्रा पाहिली आहे, मला कोर्टात त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही. आणि तिथे ठरलेलं नंतर कोणी फिरवलं तर?

प्रतिसाद १
आधी तुम्ही जा, एकटे, आणि बागेचा विषय न काढता. बोलावणं नंतर संस्थेकडून जाऊ द्या. मध्यस्थी दोघांच्या मर्जीनेच होते, हे तात्यांना स्पष्ट सांगा. नको वाटलं तर मधेच उठून जाता येतं.

आता कागदाचं. तुमची केस राज्य सरकारच्या सलोखा योजनेत बसेल असं दिसतंय. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याकडे, असा ताबा किमान १२ वर्षांचा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये. तलाठ्याचा पंचनामा लागतो. योजनेची मुदत त्यांच्याकडूनच पक्की करून घ्या. मात्र दोघांची संमती असल्याशिवाय यातलं काहीच हलत नाही. म्हणून आधी संस्था, मग तलाठी. संस्थेत सह्या केलेला कागद जपून ठेवा, पण जमीन त्याने नावावर होत नाही, नोंदणीकृत दस्तच लागतो.

प्रतिसाद २
आत्या आहेत का? त्यांची नावं उताऱ्यावर आहेत की त्यांनी हक्कसोड केलं? नावं असतील तर त्यांना पहिल्या बैठकीपासून बसवा. आमच्याकडे भावाभावांत सगळं जुळलं आणि सहीच्या दिवशी बहिणीने विचारलं, मला कोणी विचारलं का? तिथून पुन्हा दोन वर्षं.

संस्थेत नाही जमलं तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा दाखल करण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, अपील नाही. फिरवण्याची भीती असेल तर हे लक्षात ठेवा. फोनवर विचारायचं तर १५१००.

आणि पहिल्या बैठकीत मालकी काढूच नका. फक्त छाटणीपुरतं पाणी मागा, पाळी ठरवा, वीजबिल निम्मं द्या. कुलूप निघालं की माणसं बोलायला लागतात.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. आत्या एकच, पिंपळगावला दिली आहे. तिचं नाव दोन्ही उताऱ्यांवर आहे, हे आज सातबारा काढल्यावर कळलं. इतकी वर्षं आम्ही कोणी बघितलंच नव्हतं. तात्या तिचा शब्द मोडत नाहीत. रविवारी आधी तिच्याकडे जातो, आणि ती येत असेल तर तिला घेऊनच तात्यांकडे.