मदत हवी आहे: किनारा तोच, महिना तोच, मग सेलफिश गेले कुठे?

रिकामी_टोपली

नमस्कार मंडळी. खोल समुद्रात गळ टाकणारं कुणी इथे असेल तर जरा डोकं चालवा, माझं चालेनासं झालंय.

कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर माझ्या आतापर्यंत दोन खेपा झाल्या. पहिली फेब्रुवारीत, केपोसहून. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. एका दिवसात नऊ सेलफिश (लांब टोकदार चोच आणि पाठीवर पंख्यासारखा पर असलेले मोठे मासे) बोटीमागे आले, पाच गळाला लागले. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही: आधी फेसात काळी काठी दिसते, मग ती काठी टीझरवर, म्हणजे बोटीमागे ओढायच्या बिनगळाच्या आमिषावर, सपकन आपटते, आणि मागून तो निळा पंखा उघडतो. पाचही सोडले, तिथे सोडावेच लागतात.

दुसरी खेप यंदाच्या फेब्रुवारीत. या वेळी उत्तरेला, पापागायोच्या आखातात गेलो. केपोसपासून सरळ रेषेत जेमतेम दोनशे किलोमीटर. म्हटलं, किनारा तोच, हंगाम तोच, फरक तो काय पडणार? पडला. पहिल्या दिवशी वाऱ्याने अशी दैना केली की दोन तासांत बोट परत फिरवली. माझी टोपी बहुधा अजून पश्चिमेकडेच चालली असेल. दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो तर पाणी पोपटी हिरवं, बोटीवरच्या काट्यावर २२ अंश. दिवसभरात किनाऱ्याजवळच्या खडकाशी एक रूस्टरफिश मिळाला, बाकी शून्य. कप्तान म्हणाला, "चार दिवसांपूर्वी आला असतात तर!" हे वाक्य मी इतक्या कप्तानांकडून ऐकलंय की त्यांना ते कुठेतरी शिकवत असावेत.

तर प्रश्न असे. हे झालं कशामुळे? तापमानाचे उपग्रह नकाशे बघायचे म्हणतात, ते बघायचे कसे? आणि पुढची रजा एकतर जुलैत मिळेल, नाहीतर जानेवारीत. कुठल्या महिन्यात कुठे जाऊ?

वल्हेकर

टोपी सापडली तर कळवतो.

निळाई

टोपली, तुमचा कप्तान थापा मारत नसावा. मी या विषयात थोडंफार शिकलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

मध्य अमेरिकेचा नकाशा काढा आणि किनारा सोडून डोंगर बघा. कॅरिबियनकडून येणारे व्यापारी वारे हिवाळ्यात जोरात असतात, उत्तर अमेरिकेतून थंड हवेची लाट खाली उतरली की आणखी चेकाळतात. पुढे डोंगरांची भिंत. त्या भिंतीला तीन मोठ्या खिंडी आहेत: मेक्सिकोत तेहुआंतेपेक, मधे निकाराग्वा सरोवराचा सखल पट्टा, आणि खाली पनामा. वारा या खिंडींतून नळीतून फुंकल्यासारखा पॅसिफिकवर सुटतो. तुम्ही पापागायोत उभे होतात म्हणजे मधल्या नळीच्या तोंडाशीच. केपोसच्या पाठीशी मात्र तालामांका रांग आहे, त्यातला चिरिपो ३,८०० मीटरच्या वर जातो. तिथे वारा अडतो, म्हणून तुमचं ते तेल ओतलेलं पाणी.

आता पाण्याचं. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो, वरचं कोमट पाणी ढकलून नेतो आणि त्या जागी खालचं गार पाणी वर येतं. त्यात खतं भरपूर, म्हणून प्लवक माजतं आणि पाणी हिरवं होतं. बारीक मासळीची चंगळ. पण सेलफिश डोळ्याने शिकार करतो, त्याला गढूळ हिरवं पाणी नको आणि २२ अंशही नकोत. तो जातो कडेला, जिथे हिरवं संपून निळं सुरू होतं. वारा सलग नसतो, चार-पाच दिवस झोडपतो आणि मग दम घेतो. त्याबरोबर ती कडही सरकते. "चार दिवसांपूर्वी" खरं असू शकतं ते असं.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात गमतीची. पूर्व पॅसिफिकमध्ये थर्मोक्लाइन, म्हणजे कोमट थर संपून पाणी एकदम गार होतं ती पातळी, फार वर असते. तिच्याखाली पाण्यात प्राणवायू इतका कमी की सेलफिश-मार्लिनसारख्या दमदार माशांना तिथे श्वास पुरत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या माशांना खुणेची यंत्रं लावून पाहिलं होतं. पश्चिम अटलांटिकमधले भाईबंद खोलवर बुड्या मारतात, इथले वरच्या पातळ थरातच अडकून राहतात. तळघर बंद आणि सगळं बिऱ्हाड एकाच मजल्यावर, अशी स्थिती. शिकार आणि शिकारी दोघंही गळाच्या पल्ल्यात. या किनाऱ्याचं नाव झालंय त्यात माशांच्या संख्येइतकाच या दाटीचा वाटा आहे. म्हणून इथले आकडे बघून "मासे अमाप आहेत" असं लगेच समजू नये.

खारट

निळाईताईंनी कारण सांगितलं, मी हाताचं सांगतो. त्या पट्ट्यात काही वर्षं बोटीवर कामाला होतो.

टोपली, जुलैत पापागायोला जा. तोच भाग, पण समुद्र दुसराच असतो. खिंडीचा वारा पडलेला, पाणी २८-२९ अंश, निळं. मार्लिन, यलोफिन कुपा आणि डोराडो. पावसाळा म्हणून घाबरू नका. तिथला पाऊस बहुतेकदा दुपारनंतर येतो, पहाटे निघून तीनपर्यंत परतलात की झालं. जुलैत मधेच थोडी उघडीपही मिळते, तिकडे तिला वेरानिल्यो म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबर मात्र टाळा, पॅसिफिक बाजूला तेव्हा पाऊस सगळ्यात जास्त. आणि गंमत अशी की त्याच दोन महिन्यांत कॅरिबियन बाजू कोरडी असते. तेव्हाच रजा मिळाली तर तिकडे टारपन मासा धरायला जा.

पावसाळ्यात नजर ठेवायची ती ओंडक्यांवर. नद्या पूर आला की झाडंच्या झाडं समुद्रात लोटतात. एकदा आम्हाला किनाऱ्यापासून वीसेक मैलांवर एक खोड दिसलं, माणसाच्या मांडीएवढं असेल नसेल. खालची बाजू शंख-कालवांनी भरलेली, त्याखाली बोटभर माशांचा घोळका, आणि त्याच्याभोवती डोराडो फेऱ्या घालत होते, पिवळेधमक. बोटीत घेतलेला पाच मिनिटांत राखाडी पडला, रंग डोळ्यांदेखत उतरतो. तर ओंडका दिसला की अंगावर बोट घालू नका. लांबून वळसा घाला, आणि पहिला मासा गळाला असताना दुसरा गळ पाण्यातच ठेवा. डोराडो सोबत्याच्या मागे येतात.

एक अडचण सांगून ठेवतो. याच महिन्यांत दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लांब लाटा येतात. खोल पाण्यात जाणवतही नाहीत, पण किनाऱ्यालगत, नदीच्या मुखाशी, खडकाजवळ फुटतात. रूस्टरफिशसाठी कड्याला चिकटून जायची हौस असेल तर आधी लाटांचा अंदाज बघा. नुसता लाटेचा मीटर बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. १७-१८ सेकंदांची मीटरभर लाट खडकावर भलतंच काही करते.

जानेवारीच हवा असेल तर केपोस किंवा त्याच्या खाली. सेलफिशसाठी डिसेंबर ते एप्रिल तिथे चांगला. गोलाकार, म्हणजे टोक आत वळलेले गळ न्या, जे-आकाराचा आमिषाला लावून सेलफिश धरायला तिथे परवानगी नाही. मासा बोटीत ओढून फोटो काढायलाही नाही, पाण्यातच ठेवून काढायचा.

रिकामी_टोपली

दोघांचेही आभार. तळघर बंद म्हटल्यावर एकदम डोक्यात उजेड पडला. पण नकाशांचं राहिलं. मी एकदा उघडून बघितला तर सगळं केशरी, मधे पांढरी भोकं.

निळाई

पांढरी भोकं म्हणजे ढग. अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या उपग्रहाला ढगांपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे पावसाळ्यात नेमके हवे तेव्हा नकाशे फाटके मिळतात. एका दिवसाचा बघू नका, तीन किंवा पाच दिवसांचा एकत्र केलेला बघा. सूक्ष्मलहरींवाला उपग्रह ढगांतूनही मोजतो, पण त्याचं चित्र जाडंभरडं असतं आणि किनाऱ्याजवळ उपयोगाचं नाही.

रंग सगळे केशरी दिसत होते, कारण मोजपट्टी २० ते ३२ अशी लांब असणार. ती २५ ते ३० अशी आवळा, मग कडा दिसतील. आकड्यापेक्षा कड महत्त्वाची: कमी अंतरात एक-दोन अंशांचा फरक जिथे पडतो ती रेघ. मग त्याच दिवसांचा हरितद्रव्याचा, म्हणजे प्लवक कुठे दाट आहे ते दाखवणारा, नकाशा शेजारी ठेवा. दोन्हींच्या रेघा एकावर एक बसल्या आणि ती जागा जर उतरत्या तळावर असली, तर कप्तानाला तिथे न्यायला सांगा.

मचवा

जरा मधे बोलतो. तुम्ही सगळे हंगाम घड्याळासारखा येतो असं धरून चाललाय. एल निन्योच्या वर्षी तिथली थर्मोक्लाइन खाली जाते, वर गार पाणी येणं मंदावतं, आणि तळघराचं दार किलकिलं होतं. मग मासे खोल जातात, पांगतात. १९९७-९८ आणि २०१५-१६ या मोठ्या एल निन्योच्या वर्षांतले अनुभव शोधून वाचा.

आणि एल निन्यो नसतानाही दगा होतो. पनामाच्या आखातात दर वर्षी जानेवारी ते एप्रिल गार पाणी वर येतं. २०२५ साली ते आलंच नाही म्हणावं इतकं कमी आलं, चाळीस वर्षांच्या नोंदींत पहिल्यांदा. उत्तरेचे वारे नेहमीपेक्षा फार कमी वेळा सुटले. त्यामुळे तिकीट काढण्याआधी महिना बघा, पण निघायच्या आठवड्यात वारा बघा.

खारट

मचवा, बरोबर. म्हणून मी सहा दिवस गेलो तर दोन दिवस मोकळे ठेवतो, आधीच सगळे दिवस बोट ठरवून टाकत नाही.

रिकामी_टोपली

ठरलं, जुलै आणि पापागायो. सहा दिवस, त्यातली बोट चारच दिवस. मोजपट्टी आवळून बघितली, या आठवड्यात किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर एक रेघ दिसतेय, पण हरितद्रव्याच्या नकाशात तिथे नेमकं पांढरं भोक आहे. खारट, एक शेवटचं विचारतो: ओंडका सापडला आणि त्याखाली डोराडोऐवजी नुसते बोटभर मासे दिसले, तर तिथे थांबायचं की पुढचा शोधायचा?

खारट

दहा मिनिटं. खोल जाणारं आमिष एकदा खालून ओढून बघा, कधी कधी वाहू नावाचा धारदार दातांचा मासा खाली उभा असतो. आणि गळाला वायर लावा, नाहीतर दोर कापून जाईल.